चुंबळीची चाचणी

दुसऱ्या चाचणीतही मी नापास झाले तेव्हा डॉक्टर देवस्थळीबाईंनी पडद्याकडं बघून सुस्कारा सोडला. माझ्याकडं बघून नाही. दोन वर्षं झाली, डॉक्टर लोक माझ्या डोक्याशी बोलतात, माझ्याशी बोलत नाहीत.

“छायाताई, घरी व्यायाम करताय ना? खरं सांगा.”

“करते.”

“दिवसातून चार वेळा? मान उजवीकडं, मान डावीकडं, नजर भिंतीवरच्या ठिपक्यावर?”

“सहा वेळा करते. ह्यांना विचारा.”

माझा नवरा अंकुश दाराशी माझी पिशवी धरून उभा होता. “करती ओ मॅडम. शेजारीण मला विचारत होती, तुमची बायको दिवसभर नाही नाही कुणाला म्हणती?”

मुजावर साहेब, म्हणजे यंत्राचे इंजिनिअर, हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “शेवटची चाचणी दहा दिवसांनी आहे. तीही अशीच गेली तर नियमाप्रमाणे यंत्र परत घ्यावं लागेल. आत बसवलेली तार राहील, कानामागचं यंत्र जाईल. एकशे सेहेचाळीस माणसं यादीत थांबलीत. एखाद्याचा मेंदू यंत्राला साथ देत नसेल तर ते त्याच्याकडं ठेवून काय उपयोग? तुम्हालाही पटेल.”

मला पटलं नाही. साइटवर भिंत वाकडी आली की पहिली चूक बिगारणीची निघते, मग सावकाश बाकीच्यांची. इथंही तीच रीत. यंत्र आणि मी, दोघांचं जमेना, तर चुकली कोण, मी.

मी छाया विटकर. चौदाव्या वर्षापासून डोक्यावर घमेलं आहे, आता एक्केचाळीस चालू आहे. आजकाल भिंती यंत्र छापतं. लोखंडी हात नळीतून मसाला सोडत गोल फिरतो आणि दिवसात खोली उभी करतो. पेपरात त्याचे फोटो येतात. फोटोत आम्ही नसतो. त्या यंत्राच्या पोटात मसाला ओतायला आणि नळी तुंबली की पळापळ करायला बायाच लागतात, हे फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. मी बारा मजले शिडीनं चढलेली बाई आहे, पंचवीस किलो डोक्यावर घेऊन, एका हातानं पदर धरून.

दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाला सूज आली, थंडीतापानं अंग फुटायला लागलं. एका लहानशा दवाखान्यात बारा दिवस इंजेक्शनं दिली. ताप उतरला आणि कानातला तोल मेला. त्या औषधानं असं होऊ शकतं हे औषधाच्या चिठ्ठीवर मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं. ज्याच्या अंगात टोचायचं त्याला ते कुणी वाचून दाखवत नाही. मी नंतर वाचलं. बसून वाचलं, कारण उभ्यानं चालताना मला काहीच वाचता येत नव्हतं.

बसले की जग जागेवर. उठून पाऊल टाकलं की सगळं उडायचं. पळता पळता मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बघा, तसं. समोरून येणाऱ्याला चेहराच नाही, नुसता पुसलेला डाग. थांबले की डागाला डोळे-नाक फुटायचे, आणि तोपर्यंत ते माणूस रागावून पुढं गेलेलं असायचं, छाया ओळख दाखवत नाही म्हणून. मुकादम म्हणाला, ही पिऊन येते. मी जन्मात बाटलीला हात लावलेला नाही. तो रोज संध्याकाळी लावतो आणि त्याची मुकादमी शाबूत आहे.

मग मोठ्या रुग्णालयातली ही संस्था आणि हे यंत्र. पहिल्या दिवशी देवस्थळीबाईंनी मला नीट बसवून समजावलं, तेवढा एक दिवस त्या माझ्याशी बोलल्या. त्या म्हणाल्या, डोकं हललं की डोळ्यातलं चित्र हलतं. सगळ्यांचंच हलतं, माझंही, तुमचंही. तरी निरोगी माणसाला भिंत जागेवर दिसते, कारण कानाच्या आत, हाडाच्या पोटात, पाणी भरलेल्या तीन वाकड्या नळ्या आहेत. डोकं वळलं की त्यातलं पाणी किंचित मागं रेंगाळतं, त्यानं आतले बारीक केस वाकतात आणि नसेतून निरोप सुटतो. निरोपाला दोन वाटा. जवळची वाट डोळ्यांच्या स्नायूंकडं जाते: डोकं उजवीकडं गेलं, तुम्ही तेवढेच डावीकडं वळा. लांबची वाट मेंदूच्या मधल्या ठाण्यावरून थेट मागं जाते, जिथं बघणं घडतं तिथं. तिथं डोळा येऊन सांगतो, भिंत हलली. कानाचा निरोप सांगतो, भिंत नाही, डोकं हललं. दोघांचं ऐकून मेंदू निवाडा करतो.

“म्हणजे बघायला नुसते डोळे पुरत नाहीत,” मी म्हटलं.

“नाही पुरत. तुमच्या बाबतीत साक्षीदार मेला. डोळा म्हणेल ते खरं.”

यंत्र त्या मेलेल्या साक्षीदाराच्या जागी. कानामागं सुपारीएवढं. डोकं किती आणि कुणीकडं हललं ते मोजतं आणि आतल्या तारेतून नसेला टिचक्या देतं. नस जिवंतच होती, निरोप देणारं कुणी नव्हतं. शिवाय मानेवर दोन चकत्या चिकटवलेल्या. त्या कशाला, तर मान मी स्वतः हलवली की मला कुणी हलवलं हे ओळखायला. चालणारा माणूस आणि गाडीत बसून हादरे खाणारा माणूस, दोघांची डोकी हलतात, पण मेंदूला दोघांचे निरोप वेगळे लागतात. मानेच्या स्नायूला हुकूम गेला असेल तर माणूस स्वतः हलला. नसेल तर गाडीनं हलवलं.

हे सगळं संमतीच्या कागदांतही होतं. अडतीस पानं. भाषांतर मशीनकडून करून घेतलेलं. ‘विषयाने आपले डोके तीस दिवस संस्थेच्या स्वाधीन ठेवावे’ असं एक वाक्य होतं. विषय म्हणजे मी. मी नववी शिकले, पण कागद आला की शेवटापर्यंत वाचते. न वाचता टोचून घेतलं त्याचं फळ बघितलं होतं.

त्या दिवशी संस्थेतून बाहेर पडताना अंकुशनं नेहमीसारखा माझा हात धरला. दोन वर्षं असंच चाललेलं. तो अर्धं पाऊल पुढं, मी मागं, नजर खाली. अलीकडं त्याच्या हातातून मला झटके जाणवायचे, एक लहान, एक मोठा. माझीच पावलं वाकडी पडतात, असं मी धरून चालले होते. मागच्या शिमग्याला जिन्यात माझा तोल जाऊन मी त्याच्या अंगावर पडले होते, तेव्हापासून तर तो हात सोडतच नव्हता.

“राहू दे यंत्र,” तो म्हणाला. “नाही जमलं तर नाही जमलं. मी हाय की हाताला.”

“तुम्ही जन्मभर माझा हात धरून हिंडणार?”

“वाईट काय हाय त्यात?”

वाईट काही नव्हतं, म्हणूनच मला राग येत होता. लग्नात त्यानं कधी हात धरला नव्हता एवढा. बरा माणूस आहे. पण दुसऱ्याच्या हाताला लागलेल्या पिशवीसारखं जगणं मला नको होतं.

*

चार दिवसांनी मी त्याच्याबरोबर वाघोलीच्या साइटवर गेले, खोलीत एकटी बसून कंटाळले होते. तो मिस्त्री आहे, छापलेल्या भिंतीचे कोपरे हातानं साफ करतो. ते अजून यंत्राला येत नाही. मी सावलीला बसले. दुपारी नळी तुंबली. मसाला वाळायच्या आत वर जायला हवा, म्हणून सगळ्या बाया घमेली घेऊन पळायला लागल्या. माझी जुनी जोडीदारीण शकुंतला माझ्यासमोरून तीनदा गेली.

“शकू, अर्धं घमेलं दे.”

“गप बस बाई. तू पडलीस तर माझ्यावर येईल.”

“जमिनीवरच चालते. शिडीला हात लावत नाही.”

“तुझं डोकं संस्थेचं आहे म्हणं आता.”

“डोकं माझं आहे. वापरायला त्यांना दिलंय.”

पान बारावर स्पष्ट लिहिलं होतं, डोक्यावर कुठलंही वजन घ्यायचं नाही, घेतलं तर यंत्र ताबडतोब परत. मला माहीत होतं. तरी मी पदर पिळून गोल केला, चुंबळ डोक्यावर बसवली, आणि शकूनं शिव्या देत अर्धं घमेलं त्यावर ठेवलं. कानामागच्या यंत्राला कशाचा धक्का नव्हता. चुंबळ टाळूवर असते.

मान आपोआप जागेवर बसली. मी चालायला लागले. दहा पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी टाकीसारखी दिसतेय. तिच्यावर अक्षरं होती. मी चालता चालता ती वाचली: ‘पिण्याचे पाणी. झाकण लावा.’

घमेलं उतरवलं. चालले. टाकी उडायला लागली.

घमेलं चढवलं. टाकी जागेवर.

असं मी पाच वेळा केलं. शकू कमरेवर हात ठेवून बघत होती. “काय कवायत चाललीय?”

तिचा चेहरा मला चालताना दिसत होता. वरच्या ओठावर घाम, डाव्या नाकपुडीत नवीन चमकी.

“चमकी कधी घेतलीस?”

“वर्ष झालं,” ती म्हणाली. मग तिला कळलं मी काय विचारलं ते, आणि ती खाली विटांवर बसली.

*

अंकुशला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला.

“हे कुणाला बोलू नको. वजन घेतलं कळलं की आजच काढून घेतील.”

“आणि नाही बोलले तर सहा दिवसांनी काढून घेतील.”

“सहा दिवस तर मिळतील.”

“सहा दिवस मान हलवत बसू? शेजारणीला नाही म्हणत?”

“मग काय करणार तू?”

“घमेलं घेऊन जाणार.”

तो म्हणाला, “वजनाशिवाय दिसत नसंल तर काय फायदा, छाये? जन्मभर डोक्यावर घमेलं घेऊन बाजाराला जाशील?”

मला एवढंच कळत होतं की मेंदू साथ देत नाही हे खोटं आहे. माझ्या मेंदूनं टाकीवरचं वाचलं होतं. मग अडतंय कुठं ते ह्या शिकलेल्या लोकांनी शोधावं, त्यासाठी त्यांना खोल्या, खुर्च्या आणि वारा देणारी यंत्रं दिलीत.

*

तिसाव्या दिवशी संस्थेच्या दारावरच्या रखवालदारानं अंकुशच्या हातातलं घमेलं बघून अडवलं. “हे काय आहे?”

“चाचणीचं सामान,” मी म्हटलं आणि आत गेले.

चाचणी साधी. सरकत्या पट्ट्यावर चालायचं आणि समोरच्या पडद्यावरच्या पाच ओळी वाचायच्या. उभ्यानं मी पाचही वाचायचे. चालताना एक. पास व्हायला तीन लागतात.

मी पिशवीतून चुंबळ काढली, जुन्या लुगड्याची, खास. घमेल्यात अर्धी वाळू होती. देवस्थळीबाईंच्या कपाळाला आठी पडली.

“हे चालणार नाही. पान बारा. तुम्ही सही केलीय.”

“केलीय. आणि सहा दिवसांपूर्वी मोडलंय. साइटवर अर्धं घमेलं उचललं.”

मागून अंकुशनं माझा पदर ओढला.

“म्हणजे तुम्ही स्वतःच सांगताय की नियम मोडला.”

“सांगतेय. आता पान एकतीस बघा. चाचणी माणसाच्या रोजच्या कामाला धरून नसेल तर त्यानं बदल लेखी सुचवावा, संस्थेनं तो करून बघावा. हे माझं लेखी. आधी करून बघा, मग बारावं पान लावा.”

बाईंनी कागद घेतला. पान एकतीस त्यांनी बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. मुजावर साहेबांनी तोवर घमेलं वजनकाट्यावर ठेवलं होतं. “आठ किलो. मॅडम, आठ किलोनं काही होत नाही. तारेवर ताणही येत नाही.”

“तुम्ही जबाबदारी घेता?”

“घेतो.”

मी चुंबळ बसवली. अंकुशनं घमेलं ठेवलं. पट्टा सुरू झाला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. चौथीतलं शेवटचं अक्षर चुकलं. पाचवी येईना.

“पट्टा थांबवा,” बाई म्हणाल्या. “आता घमेल्याशिवाय.”

घमेल्याशिवाय एक ओळ.

दोघंही पडद्यापाशी गेले. रेघा वरखाली होत होत्या. मुजावर साहेब खालच्या एका रेघेवर बोट ठेवून उभे राहिले, आणि मग त्यांचे कान लाल झाले.

“ताई, उजवीकडं बघा जरा.”

मी बघितलं.

“मान वळवून बघा.”

“मान वळवूनच बघितलं.”

“नाही. तुम्ही कमरेपासून वळलात. खांदे, मान, डोकं, सगळं एकदम, खांबासारखं. महिनाभर घरी तसाच व्यायाम केलाय तुम्ही.” ते बाईंकडं वळले. “मानेचा स्नायू सतत घट्ट आहे, वळवायचा हुकूमच दिसत नाही. पंचवीस वर्षं ओझं सांभाळलेली मान आहे. यंत्र बघतं, डोकं हलतंय पण मान हुकूम देत नाही, आणि ते धरून चालतं की ताई गाडीत बसल्यात. गाडीतले हादरे ते दाबून टाकतं. वजन ठेवलं की प्रत्येक पावलाला मान बारीक बारीक सावरते, ते चकत्यांना दिसतं, मग यंत्राला कळतं की बाई चालतेय.”

“कुठल्या गाडीत?” मी विचारलं.

“कुठल्याही. एसटी समजा.”

“तीस दिवस?”

“तीस दिवस.”

अंकुश म्हणाला, “आणि व्यायाम कमी पडतो म्हणून हिलाच बोलत होता.”

मला आता गप्प बसवत नव्हतं. “हे यंत्र तुम्ही कुणाच्या मानेवर शिकवलं?”

“दोन हजार सहाशे लोकांच्या.”

“त्यात डोक्यावर ओझं वाहणारं कोण होतं?”

मुजावर साहेबांनी खरं सांगितलं, त्याबद्दल मी त्यांना मानते. “विद्यार्थी होते. कंपन्यांतले लोक होते. मी होतो, मॅडमही होत्या. ओझं वाहणारं कुणी नव्हतं.”

“आणि नापास होऊन ज्यांची यंत्रं काढून घेतली ते?”

आता बाईंनी स्वतः यादी उघडली. अकरा नावं. त्या एकेक वाचत गेल्या आणि आवाज खाली खाली जात गेला. बाजारातला हमाल. टोपली घेऊन फिरणाऱ्या दोन भाजीवाल्या. डोंगरातल्या पाड्यावरची बाई, रोज दोन हंडे. वीटभट्टीवरची. मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या तिघी. अकरातले आठ. आठ जणांना सांगितलं होतं, तुमचा मेंदू साथ देत नाही. ते आठजण ‘बरं’ म्हणून घरी गेले होते, कारण आपलंच काहीतरी चुकलं असणार ही सवय आम्हाला कुणी शिकवावी लागत नाही.

देवस्थळीबाई खुर्चीवर बसल्या. मग माझ्याकडं बघितलं. पडद्याकडं नाही, माझ्याकडं. “हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“हवं होतं,” मी म्हटलं. “त्या आठ जणांना बोलवा. आणि फोनवर ‘तुमचा मेंदू’ म्हणू नका. ‘आमचं यंत्र’ म्हणा.”

त्यांनी पेन घेतलं आणि यादीच्या कडेला काहीतरी लिहिलं. बारावं पान पुन्हा कुणी काढलं नाही.

मुजावर साहेबांनी यंत्राला नव्यानं शिकायला लावलं. पट्ट्यावर मी, डोक्यावर आठ किलो. यंत्र माझ्या मानेचं बारीक सावरणं टिपत होतं. वीस मिनिटांनी दोन किलो वाळू काढली. मग आणखी दोन. मग रिकामं घमेलं. मग नुसती चुंबळ. पडद्यावरच्या ओळी मधूनच थरथरायच्या, मुजावर साहेब एक आकडा बदलायचे, ओळी बसायच्या. अंकुश भिंतीला टेकून उभा होता, ओंजळीत शेवटची थोडी वाळू धरून. कुठं टाकावी कळत नव्हतं त्याला.

“आता चुंबळ काढा,” मुजावर साहेब म्हणाले.

माझा हात डोक्याकडं गेला आणि थांबला. मग मी चुंबळ काढली.

चार ओळी. चौथीतलं शेवटचं अक्षर ‘ढ’ होतं.

मी पट्ट्यावरून उतरले नाही. आणखी पाच मिनिटं नुसती चालले, खोलीतल्या एकेका वस्तूकडं बघत. बाईंनी पट्टा बंद केला नाही.

*

बाहेर लांबलचक व्हरांडा होता. अंकुशनं सवयीनं हात पुढं केला.

“नको. तुम्ही पुढं चला. मी मागून बघत येते.”

“काय बघायचंय?”

“चाला तर.”

तो घमेलं काखेत धरून चालायला लागला. दोन वर्षांत मी त्याला असं लांबवर चालताना बघितलं नव्हतं; खोलीत मी बसलेली असले की तो दोन-चार पावलंच टाकायचा. केस मागून पांढरे झाले होते. शर्टाची शिवण खांद्यावर उसवलेली होती. आणि प्रत्येक दुसऱ्या पावलाला तो डावीकडं बसत होता. एक लहान, एक मोठं. हातातून मला जाणवायचे ते झटके माझे नव्हतेच.

“थांबा.”

तो थांबला.

“पाय कधीपासून असा?”

“कुठला पाय?”

“माझं यंत्र एसटीतून उतरलंय आता. सांगा.”

तो फरशीकडं बघत म्हणाला, “शिमग्याला. जिन्यात.”

“मी पडले तेव्हा? मला म्हणालात काही लागलं नाही.”

“तू काय मुद्दाम पडलीस?”

“दाखवला कुणाला?”

“तुझ्याच चकरा चालू होत्या की. आणि हात धरून चाललं म्हंजी मलाबी टेकू मिळत होता.”

मला त्याला ओरडायचं होतं, वाक्यंही तयार होती. मी त्याच्या काखेतलं घमेलं काढून घेतलं आणि त्याचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. माझी मान अजून खांबासारखीच आहे, ओझं नीट पेलते.

व्हरांड्याच्या पार टोकाला एक पाटी टांगलेली होती. आम्ही चालायला लागलो, आणि पाटी जागची हलली नाही.

“अस्थिरोग विभाग,” मी चालता चालता वाचलं. “उजवीकडं, तळमजला. जपून या, तीन पायऱ्या आहेत.”